सिम रेसिंगचा घरगुती गिअर डिस्प्ले रेसच्या मधेच अडकतो, चुकतो किंवा विझतो: कारणं आणि उपाय

सिम रेसिंग म्हणजे पीसीवरची कार रेसिंग; तिच्यात चालू गिअर दाखवणारा घरगुती डिस्प्ले टेबलावर जोडला की अंक छान बदलतो. तोच डिस्प्ले रिगवर (सीट, व्हील, पेडल बसवलेल्या सांगाड्यावर) स्टिअरिंगच्या मागे बसवला की दोन-चार लॅपनंतर एका गिअरवर अडकून बसतो, भलताच आकार दाखवतो किंवा क्षणभर विझून पुन्हा लागतो. यूएसबी केबल काढून घातली की बरा होतो आणि पुढच्या रेसला पुन्हा तेच. मग सगळ्या वायरी उपटून नव्याने सोल्डर केल्या जातात. दोष तिथे असतोच असं नाही, त्यामुळे तो परत येतो.

अडचण अशी की गेममधला गिअर काचेवरच्या अंकापर्यंत पोचेपर्यंत पाच हातांतून जातो: गेमचा टेलिमेट्री डेटा (गाडीचा गिअर, वेग वगैरे), पीसीवरचं सॉफ्टवेअर, यूएसबी, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि अंक चालवणारी चिप. यातला कुठलाही दुवा तुटला तरी बाहेरून दिसतं ते एकच, की अंक चुकला. म्हणून दुरुस्तीच्या आधी डिस्प्लेलाच बोलता करायचा. फर्मवेअरमध्ये (आर्डुइनोवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तीन खुणा घातल्या की दोष कोणत्या दुव्यात आहे हे अंक स्वतः दाखवतो.

कोणती जोडणी गृहीत धरली आहे

आर्डुइनो नॅनो (सीएच३४० या यूएसबी चिपवाला), अंक चालवणारी एक टीपीआयसी६बी५९५ चिप, २.३ इंची लाल कॉमन अॅनोड (सगळ्या सेगमेंटची प्लस बाजू एकत्र असलेला) सेव्हन सेगमेंट अंक आणि १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर. सेगमेंटसाठी २७० ओहमचे सात आणि दशांश बिंदूसाठी ५६० ओहमचा एक रेझिस्टर, सगळे पाव वॉटचे. चिपला चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, अंकाजवळ १२ व्होल्टच्या लाइनवर १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा.

रेझिस्टरचे आकडे असे येतात. या मापाच्या लाल अंकात एका सेगमेंटमध्ये साधारण चार एलईडी एकामागे एक असतात, म्हणजे सेगमेंट स्वतःच ७.५ ते ८ व्होल्ट खातो. १२ मधून ८ गेले की ४ व्होल्ट उरतात, १५ मिलिअँपिअरसाठी २७० ओहम. बिंदूत बहुधा दोनच एलईडी असतात, तिथे ८ व्होल्ट उरतात, म्हणून ५६०. हाच हिशेब न केल्यामुळे मोठा अंक ५ व्होल्टवर लावून "डिस्प्ले मेलेला आला" असं ठरवलं जातं. मल्टिमीटरच्या डायोड मोडवरही हा अंक उजळत नाही, कारण मीटर तेवढे व्होल्ट देतच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत घेताना कॉमन अॅनोड की कॉमन कॅथोड हे सांगितलं जाईलच असं नाही. १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि मधे १ किलोओहम लावून दुकानातच पाहावं: कॉमन पिनला प्लस आणि सेगमेंटला मायनस देऊन लागला तर कॉमन अॅनोड. टीपीआयसी फक्त ग्राउंडकडे ओढते, त्यामुळे तिला हाच लागतो.

चिपच्या २० पिनांपैकी २ नंबरला ५ व्होल्ट, ३ ला डेटा, १३ ला क्लॉक (बिट सरकवणारा ठोका), १२ ला लॅच (सरकवलेले बिट अंकावर आणणारा सिग्नल). १०, ११ आणि १९ या तिन्ही ग्राउंडला. सेगमेंट ए ते डी (ए म्हणजे वरची रेघ, तिथून घड्याळाच्या दिशेने एफपर्यंत, जी मधली) हे ४, ५, ६, ७ वर, ई, एफ, जी हे १४, १५, १६ वर आणि बिंदू १७ वर. पिन ८ (क्लिअर) थेट ५ व्होल्टला जोडायची. ती मोकळी सोडली तर हात जवळ नेला तरी अंक विझतो, आणि हा दोष शोधायला फार वेळ जातो. पिन ९ (आउटपुट एनेबल) बरेच जण सरळ ग्राउंड करतात. त्याऐवजी तिला १० किलोओहममधून ५ व्होल्टला जोडा आणि नॅनोच्या एका पिनने, सेटअप पूर्ण झाल्यावरच, लो करा. सुरू होताना चमकणारा कचरा त्याने बंद होतो.

तीन खुणा

पहिली, सेल्फ टेस्ट. नॅनो सुरू होताना ए पासून बिंदूपर्यंत आठही सेगमेंट एकेक करून ३०० मिलिसेकंद लावा. रेस चालू असताना ही टेस्ट दिसली तर नॅनो रीसेट झाला, गेमशी संबंध नाही.

दुसरी, डेटा थांबल्याची खूण. पीसीकडून एक सेकंद काही आलं नाही तर अंक पुसून फक्त मधली आडवी रेघ, म्हणजे जी सेगमेंट, उघडझाप करू द्या. बहुतेक घरगुती फर्मवेअरमध्ये हे नसतं. शेवटचा गिअर तसाच दिसत राहतो, आणि "अडकला" म्हणजे नक्की काय झालं ते कळत नाही. यासाठी पीसीने गिअर बदलला नाही तरी सेकंदाला किमान १० वेळा तो पाठवत राहिलं पाहिजे. सिमहबमध्ये (गेमचा डेटा डिस्प्लेला पुरवणारं पीसीवरचं सॉफ्टवेअर) कस्टम सीरियल डिव्हाइसेस वापरत असाल तर फक्त बदल झाल्यावर पाठवण्याऐवजी ठरावीक वेगाने पाठवण्याचा पर्याय निवडा.

तिसरी खूण फुकटात मिळते. दशांश बिंदू रेसमध्ये कधीच लावायचा नाही. तरीही तो लागला तर क्लॉकच्या वायरीवर घोटाळा आहे. का, ते पुढे येतं.

सेल्फ टेस्ट मधेच दिसते

हा वीजपुरवठ्याचा किंवा पोर्ट उघडण्याचा प्रश्न. आधी पुरवठा पाहू. व्हील, पेडल, शिफ्टर आणि हँडब्रेक एकाच बिनअडॅप्टरच्या हबवर असतील तर फोर्स फीडबॅकचा (व्हीलच्या मोटरने हाताला दिलेला) झटका बसताना हबवरचं व्होल्टेज खाली येतं. नॅनो १६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्या वेगाला एटीमेगा३२८पीला साधारण ३.८ व्होल्ट तरी लागतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याचं ब्राउनआउट रीसेट (व्होल्टेज पडल्यावर होणारं) मात्र २.७ व्होल्टला लागतं. म्हणजे ३.८ आणि २.७ च्या मधे तो रीसेटही होत नाही आणि नीट चालेल याची खात्रीही नसते. पूर्ण गोठलेला, ना रेघ ना टेस्ट, असा डिस्प्ले दिसला तर तो इथेच अडकलेला असू शकतो. नॅनो मदरबोर्डच्या मागच्या पोर्टवर थेट लावा, केबल दीड मीटरच्या आत ठेवा आणि जाड वायरीची, फेराइट असलेली घ्या. मग नॅनोच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांवर मीटर लावून व्होल्टेज खाली येतं का ते बघा. मीटरला क्षणिक खळगा दिसत नाही, पण नेहमीचंच व्होल्टेज बरंच खाली असेल तर उत्तर मिळालं.

गोठण्यावर वॉचडॉग टायमर (प्रोग्रॅम गोठला की बोर्ड आपोआप रीसेट करणारा) हा चांगला उपाय आहे, पण स्वस्त नॅनोमध्ये बहुधा जुना बूटलोडर, म्हणजे प्रोग्रॅम बोर्डात उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम, असतो (अपलोड करताना 'ओल्ड बूटलोडर' निवडावा लागतो तो). तो वॉचडॉग बंद करत नाही, त्यामुळे पहिल्या रीसेटनंतर बोर्ड रीसेटच होत राहतो. वॉचडॉग हवा असेल तर आधी ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर टाका.

१२ व्होल्ट कुठून घेतले तेही तपासा. व्हीलबेसच्या किंवा शेकरच्या (सीट थरथरवणाऱ्या यंत्राच्या) अॅम्प्लिफायरच्या सप्लायमधून टॅप मारू नका. मोटर जोर लावते तेव्हा ती लाइन हलते आणि तो धक्का समाईक ग्राउंडमधून नॅनोपर्यंत येतो. वेगळा अडॅप्टर घ्या, किंवा पीसीच्या सप्लायमधली पिवळी-काळी जोडी वापरा. मधे ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज हवाच. अडॅप्टर वेगळा असला तरी त्याचं ग्राउंड आणि नॅनोचं ग्राउंड जोडलेलं असलंच पाहिजे, आणि एकाच जागी: टीपीआयसीच्या पिन १० पाशी. नॅनोकडून एक वायर तिथे, अडॅप्टरकडून दुसरी तिथे. अंकाचा शंभरेक मिलिअँपिअरचा परतीचा प्रवाह नॅनोच्या बारीक ग्राउंड वायरीतून जाऊ द्यायचा नाही.

पुरवठा ठीक असूनही टेस्ट दिसत असेल तर कुठलंतरी सॉफ्टवेअर पोर्ट उघडतंय. पोर्ट उघडला की डीटीआर ही पोर्टची कंट्रोल लाइन एका छोट्या कपॅसिटरमधून नॅनोला रीसेट करते. थ्रीडी प्रिंटरची सॉफ्टवेअर आणि इतर डॅशबोर्ड सॉफ्टवेअर सगळे कॉम पोर्ट चाचपत फिरतात. रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (प्लस रीसेटकडे) लावला की हा रीसेट थांबतो. स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) अपलोड करताना तो काढावा लागतो, म्हणून जंपरवर बसवा.

मधली रेघ उघडझाप करते

नॅनो जिवंत आहे, डेटा येत नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि पोर्ट्सच्या यादीत सीएच३४० आहे का पाहा.

यादीत नसेल तर यूएसबीच तुटली. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची टिक काढा. केबल बदलून पाहा. पहिल्यापासूनच पोर्ट दिसला नसेल तर केबल फक्त चार्जिंगची असण्याचीच शक्यता जास्त.

यादीत असेल आणि नंबर बदललेला असेल, तर केबल दुसऱ्या पोर्टला लावली गेली आहे. सीएच३४० मध्ये सहसा स्वतःचा सीरियल नंबर नसतो, त्यामुळे विंडोज बोर्डला नव्हे तर यूएसबीच्या जागेला कॉम नंबर देतं. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये "कॉम ५" असं पक्कं लिहिलं असेल तर दर साफसफाईनंतर हे होणार. केबलला आणि पोर्टला एकाच रंगाची टेप लावा, किंवा सीरियल नंबर असलेला एफटी२३२ यूएसबी चिपवाला बोर्ड घ्या.

पोर्ट आहे, नंबरही तोच आहे, तरी रेघ? मग गेमकडून डेटा येत नाही. एफ१ मालिकेचे गेम आणि डर्ट रॅली २.० हे यूडीपीने (नेटवर्कवरून पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीने), मूळ सेटिंगमध्ये २०७७७ या नेटवर्क पोर्टवर, डेटा पाठवतात. एका पीसीवर तो पोर्ट साधारणपणे एकच सॉफ्टवेअर धरू शकतं. फोनवरच्या डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर आधी सुरू झालं की सिमहबला काहीच मिळत नाही. एकाने डेटा घ्यायचा आणि त्यानेच पुढे दुसऱ्या पोर्टवर फॉरवर्ड करायचा. सिमहबमध्ये ती सोय आहे. डर्ट रॅली २.० मध्ये यूडीपी मुळात बंद असतं. डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्सच्या फोल्डरात हार्डवेअर सेटिंग्जची एक्सएमएल फाइल आहे, तिच्यातल्या यूडीपीच्या ओळीत एनेबल्ड 'ट्रू' आणि एक्स्ट्राडेटा '३' करा. एक्स्ट्राडेटा ० ठेवला तर पॅकेट येतात पण त्यात गिअर नसतो.

बिंदू लागतो, आकार विस्कटतो

इथे थोडं थांबू, कारण हा दोष सर्वात फसवा आहे. टीपीआयसीला आठ बिट एकेक करून सरकवले जातात: सगळ्यात वरचा बिट, म्हणजे बिंदू, आधी आणि ए शेवटी. क्लॉकच्या लांब वायरीवर सिग्नल चढताना थरथरला तर चिप एका ठोक्याचे दोन मोजते. तोपर्यंत आत गेलेले बिट एक घर पुढे सरकतात. चौथ्या गिअरला बी, सी, एफ, जी लागायला हवेत. शेवटच्या बिटावर जादा ठोका पडला तर सी, डी, जी आणि बिंदू लागतात. जीचा बिट सरकला की तो बिंदूच्या घरात जाऊन बसतो, म्हणून बिंदू ही खूण. २ ते ६ या सगळ्या गिअरांत, तसंच आर आणि एनच्या आकारांतही जी असतो, त्यामुळे सरकासरक सहसा लपत नाही. १ आणि ७ मध्ये मात्र जी नाही. तिथे बिंदूवर भिस्त ठेवू नका: एकाऐवजी सी-डी असा खालचा कोपरा दिसला तर तोच दोष समजा.

उपाय करायचा तो मांडणीत. बरेच जण चिप अंकामागे ठेवतात आणि नॅनोपासून डेटा, क्लॉक, लॅचच्या लांब वायरी नेतात. उलट करा. चिप नॅनोच्या शेजारी, १० सेंटिमीटरच्या आत ठेवा, आणि अंकापर्यंत १० पिनची एफआरसी (चपटी) केबल न्या: आठ सेगमेंट आणि दोन वायरी १२ व्होल्टच्या. सेगमेंटच्या वायरीवर सिग्नल सेकंदाला फार तर काही वेळा बदलतो, तिथे मीटरभर लांबीनेही काही बिघडत नाही. क्लॉक आणि लॅचच्या वायरीत, नॅनोच्या टोकाला, १०० ओहमचे रेझिस्टर एकेक घाला. चिपचा ०.१ मायक्रोफॅरड पिन २ आणि १९ च्या जवळच हवा, बोर्डच्या दुसऱ्या टोकाला नको.

फर्मवेअरमध्ये गिअर बदलला नाही तरी दर ५० मिलिसेकंदांनी तोच बाइट पुन्हा पाठवा. त्याने मूळ दोष जात नाही, पण चुकलेला आकार क्षणभरातच दुरुस्त होतो. आधी मांडणी सुधारा आणि मग हे घाला, नाहीतर दोष झाकला जाईल आणि बिंदू लुकलुकत राहील.

टीपीआयसीऐवजी ७४एचसी५९५ वापरली असेल आणि बंद सेगमेंट मंद उजळत असतील तर ती चिप या कामाचीच नाही. तिचं आउटपुट फार तर ५ व्होल्टपर्यंत चढतं. १२ व्होल्टच्या अंकावर तेव्हाही ७ व्होल्ट उरतात आणि सेगमेंट पूर्ण विझत नाही. मधे यूएलएन२८०३ ही ड्रायव्हर चिप घाला किंवा टीपीआयसी घ्या. मॅक्स७२१९ ही डिस्प्ले चिप सुद्धा इथे चालत नाही: ती कॉमन कॅथोडची आणि ५ व्होल्टची आहे.

अंक स्वच्छ, पण गिअरच चुकीचा

नेहमी एकाने जास्त दिसत असेल तर गेमची मोजणी वेगळी आहे. असेटो कोर्सा आणि असेटो कोर्सा कॉम्पेटित्सिओने या गेमच्या शेअर्ड मेमरीत (इतर सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या जागेत) ० म्हणजे रिव्हर्स, १ न्यूट्रल, २ पहिला. एफ१ आणि आयरेसिंगमध्ये −१ रिव्हर्स, ० न्यूट्रल, १ पहिला. फक्त रिव्हर्सलाच कचरा दिसत असेल तर −१ हा बिनचिन्हाचा बाइट म्हणून वाचला जातोय, त्याचे २५५ होतात आणि फर्मवेअर आकारांच्या यादीच्या बाहेर हात घालतं. यादीत शोधण्याआधी मर्यादा तपासा. सिमहबकडून येणारी गिअरची व्हॅल्यू वापरली तर आर, एन, १, २ अशी अक्षरंच मिळतात आणि हा प्रश्न उरत नाही.

अंक आणि रिकामी जागा आलटून पालटून दिसत असेल तर ओळ संपल्याची अदृश्य अक्षरं फर्मवेअर गिअर म्हणून वाचतंय. गिअर कोनी कंसात पाठवा, दोन्ही कंस मिळाले तरच घ्या. सीरियल वेग (बॉड रेट) ३८४०० ठेवा. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर तिथे चूक ०.२ टक्के असते, ११५२०० ला २ टक्क्यांच्या वर जाते, आणि तीन अक्षरांसाठी त्या वेगाची गरजही नाही.

गिअर उशिरा बदलतो ही तक्रार वेगळी. सिमहबची मोफत आवृत्ती सेकंदाला १० वेळाच अपडेट करते, म्हणजे १०० मिलिसेकंदांपर्यंत उशीर होणारच. लायसन्स घेतल्यावर ६० होतात. वायरिंग उकरू नका.

एच पॅटर्नच्या (हाताने लिव्हर हलवून गिअर टाकायच्या) गाड्यांत दोन गिअरांच्या मधे क्षणभर एन चमकतो. गेम तेव्हा खरोखर न्यूट्रल सांगत असतो. एन लगेच न दाखवता २०० मिलिसेकंद टिकला तरच दाखवा, बाकीचे गिअर तत्काळ. उलट करून सगळ्यालाच उशीर लावलात तर अपशिफ्ट ढिला वाटेल.

रिगवर चढवण्याआधी

ब्रेडबोर्ड रिगवर टिकत नाही. शेकरच्या थरथरीने जंपर वायरी आठवड्याभरातही सैल होतात. झिरो पीसीबीवर सोल्डर करा आणि नॅनोसाठी फीमेल हेडर बसवा. एफआरसीच्या कनेक्टरला क्लिपवाला बॉक्स हेडर घ्या. ड्राय सोल्डर शोधायला अंक ८ वर लावून ठेवा आणि बोर्ड पेनाच्या मागच्या टोकाने ठोका: जो सेगमेंट लुकलुकतो त्याचा सांधा पुन्हा तापवा. बोर्ड अॅल्युमिनियम प्रोफाइलला टेकता कामा नये. प्लॅस्टिकची डबी आणि नायलॉनचे स्पेसर वापरा.

शेवटी त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर स्वयंपाकघरातला मिक्सर लावा आणि अंक तिसऱ्या गिअरवर ठेवून चालू-बंद करा. त्याच्या मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांतून निघणारा गोंगाट फोर्स फीडबॅकपेक्षा सहसा वाईट असतो. बिंदू लुकलुकला तर क्लॉकच्या वायरी आणि चिपचा कपॅसिटर बघा, सेल्फ टेस्ट दिसली तर ग्राउंडची एकच जागा आणि यूएसबी केबल पुन्हा तपासा. नुसती रेघ आली आणि विंडोजने डिव्हाइस तुटल्याचा आवाज केला तर मधला हब काढून टाका.